जुलैत वाळवलेले बोंबील

हिराबाईंचा धंदा यंदाच्या जुलैत, एका सोमवारी सकाळी, बोईसरच्या एका कॉलनीच्या गेटवर बंद पाडला गेला. डोक्यावरची सुक्या मासळीची पाटी खाली उतरायच्या आत शिंदेकाकू म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून येऊ नका. आज पण नको." वॉचमन नजर चुकवत म्हणाला, "मौसी, कमिटी का ऑर्डर है." कारण कुणी सांगितलं नाही. शिंदेकाकू त्यांचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक.

हिराबाई आमच्याच गावच्या, तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या. जून-जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. उन्हाळ्यात सुकवलेले बोंबील आणि जवळा याच दिवसांत विकायचा, त्यावरच घर चालवायचं. उशीर झाला तर दमट हवेत माल नरम पडतो, मग बुरशी धरतो. मग फेका.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "अगो, तू त्या परचाराच्या हापिसात हायस ना? कॉलनीतलं समदं तुमाला कळतं. आमी काय केलं ते बग तरी."

मी तेव्हा एका प्रचार एजन्सीत नोकरीला होते. क्लायंट म्हणजे जिल्हा परिषदेला उभं राहायची तयारी करणारा एक पुढारी. माझ्याकडे छापील पत्रकं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शेजारच्या टेबलावर. आमच्या धंद्यात 'सेगमेंट' हा शब्द फार चालतो. सेगमेंट म्हणजे मतदारांचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्याला त्याला रुचेल तेवढंच दाखवायचं. कॉलनीचा ग्रुप वेगळा, किनाऱ्यावरच्या गावांचा वेगळा. इकडचा माणूस तिकडे नाही. भिंत आम्ही बांधायची, आणि लोकांनी तिला आपलं घर समजायचं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलनीचा ग्रुप उघडून बघितला. रविवारी टाकलेली एक क्लिप होती. खाडीत तरंगणारे मेलेले मासे. मग लगेच, बांबूंवर टांगलेले बोंबील आणि कडक ऊन. खाली मजकूर: 'कालचा व्हिडिओ. केमिकलने मेलेले मासे सुकवून आपल्या गेटवर विकतात. साहेब हे थांबवणारच!'

कालचा! म्हणजे शनिवारचा. शनिवारी दिवसभर धो धो पाऊस. जुलैत बोंबील सुकवतो कोण? आमच्या गावातलं शेंबडं पोरही या क्लिपला हसलं असतं. पण ती आमच्या गावात आलीच नाही. घाटावरून नोकरीसाठी आलेल्या घरांत गेली. बोंबील कधी सुकवतात, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. पण खिडकीबाहेर बघायला काय झालं होतं?

मग गावाचा ग्रुप उघडला. त्याच टेबलावरून, त्याच साहेबांच्या, म्हणजे आमच्या क्लायंटच्या, नावाने मेसेज: 'कॉलनीवाल्यांनी आपल्या आयाबहिणींना हाकललं. साहेब गप्प बसणार नाहीत!'

मी निलेशसरांच्या केबिनमध्ये गेले. एजन्सी त्यांची.

"सर, क्लिप खोटी आहे. काढा आणि ग्रुपवर तसं सांगा."

"खोटी नाही, जुनी आहे."

"एका बाईचा सगळा माल घरात सडतोय."

"अगं, दोन्ही सेगमेंट पेटलेत. क्लायंट खूश आहे. आता माफी मागून थंड करू?"

"आग तुम्हीच लावायची आणि बंबही तुम्हीच विकायचे?"

"हे भाषण पत्रकात लिही. इथे पगार मिळतो."

लिहिलं, आणि छापून स्वतःच वाटलं. एका बाजूला कॉलनीचा मेसेज, दुसऱ्या बाजूला गावाचा, खाली एकच ओळ: 'हे दोन्ही एकाच माणसाने पाठवले.' कागदाचं एक बरं असतं. तो गेटवर दिला तोच जेट्टीवर देता येतो, आणि ज्याला पटत नाही तो समोर येऊन भांडतो. जेट्टीवर एकजण भांडलाच. "कॉलनीवाल्यांची झालीस काय गो? किती दिले त्यांनी?" पत्रक त्याने पूर्ण वाचलंही नव्हतं. नोकरी त्याच दिवशी गेली.

कॉलनीत शिंदेकाकूंनी पत्रक उभ्या उभ्या वाचलं. तोंड उतरलं. "अगं, आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं होतं, पावसात मासे सुकतात कसे म्हणून."

"मग?"

"अ‍ॅडमिनने काढून टाकलं त्याला. लोकांनी त्यावर शाबासकीचे अंगठे दिले."

"तुम्ही?"

काकूंनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मी पण दिला."

कमिटीने बंदी उठवलेली नाही. 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू.' हिराबाई आता स्टेशनबाहेर प्लॅस्टिक बांधून बसतात. निम्मा माल नरम पडला, तो फेकला. ती क्लिप त्यांना मीच दाखवली. गावभर आरोप फिरला नाही, कॉलनीभर फिरला, आणि जिच्यावर होता तिलाच तो शेवटी कळला. बघून म्हणाल्या, "हे तर आमचं गाव पन नाय."

शिंदेकाकू तिथे जाऊन बोंबील घेतात. काळ्या पिशवीत घेतात, कॉलनीत कुणी बघू नये म्हणून. मला परवा दंडाला धरून म्हणाल्या, "तुझं खरं होतं हो." मी विचारलं, "मग ग्रुपवर लिहिलंत?" त्या म्हणाल्या, "उगाच वाईटपणा कशाला?"

निलेशसरांचा धंदा खोट्यावर चालत नाही. तो या वाक्यावर चालतो.

म्हणून तुम्हाला सांगते. मला खासगीत 'शाब्बास' पाठवू नका. ज्या ग्रुपवर खोटं वाचून अंगठा दिलात, तो ग्रुप उघडा आणि तिथेच, स्वतःच्या नावाने लिहा: हे खोटं होतं. काढून टाकतील. टाकू देत. लिहा.