चार जणांची गाडी

गाडीत झोपायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते त्याच्या कावासाकीच्या ऑफिसात. त्याच्या शेजारी बसणाऱ्या एका सहकाऱ्याचे काका आपली जुनी कॅम्पिंगची गाडी विकणार होते. छोटीशी, तिकडे लहान गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरप्लेटची, आणि तिचं छप्पर म्हणे वर उघडतं. वर दोघांनी झोपायचं, खाली सीटा आडव्या केल्या की आणखी दोघांनी. आम्ही राहत होतो जपानात, हिगाशी-कसाईच्या दोन खोल्यांत, जिथे कपाट उघडायचं तर आधी जेवायचं टेबल सरकवावं लागे. "घरात अडचण कमी पडते का तुला, म्हणून आता गाडीतली विकत घेतोयस?" मी विचारलं. मी मुळातच फटकळ, आणि त्या दिवसांत तर दोन पोरं आणि कचऱ्याचे चार प्रकार सांभाळताना माझं डोकं कायम तापलेलंच असायचं.

"पोरांना मोकळं फिरता येईल," तो म्हणाला, आणि मग हळूच पुढे सरकवलं, "शिवाय आईचे गुडघे. तिला स्टेशनाचे जिने चढवत नाहीत. गाडी असली की कुठेही नेता येईल."

झालं. आईंचं नाव निघाल्यावर मी काय बोलणार?

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून डोंबिवलीत एकट्याच राहायच्या आणि वर्षातून एकदा तीन महिने आमच्याकडे यायच्या. त्यांना फुजी जवळून बघायचा होता. आमच्याकडे येऊन दोनदा परत गेल्या होत्या, पण इमारतींच्या फटीतून दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यापलीकडे त्यांना फुजी काही दिसला नव्हता.

काकांकडे आम्ही चौघं रविवारी गेलो. त्यांनी गाडी इतकी पुसून ठेवली होती की आम्हालाच संकोच वाटला. दारापाशी सतरंजी अंथरलेली. आम्ही रस्त्यावर बूट काढले आणि मोज्यांनी गाडीत शिरलो, सत्यनारायणाला आल्यासारखे. काकांनी एक खिट्टी सोडली, दोन्ही हातांनी छप्पर वर ढकललं आणि आत कापडी भिंतींची एक उजेडाची खोली तयार झाली. पोरं किंचाळली. धाकटा वर चढून बसला तो खाली यायलाच तयार नाही. खरं सांगायचं तर मीही पाघळले. त्या एवढ्याशा जागेत छोटं सिंक होतं, चमचे ठेवायला खण होता, खिडक्यांना जाळ्या होत्या. बाईमाणसाला आणखी काय लागतं!

काकांनी विचारलं, "घरी किती जण?"

आमच्या घरात जपानी बोलायची ती मी. पाळणाघर, शाळा, दवाखाना करता करता शिकले होते. मी पटकन सांगितलं, "चौघं."

"वा, मग तुमच्यासाठीच आहे ही," काका म्हणाले. नवरा शेजारीच उभा होता. तेवढं जपानी त्यालाही कळत होतं. तोही हसून मान डोलवत राहिला.

आता म्हणाल, एवढंही सुचू नये? अहो, पण वॉर्ड ऑफिसात चौघं, शाळेत चौघं, घर भाड्याने घेतानाही चौघंच! जिभेला वळण पडलं होतं. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर यायच्या, कुठल्याच कागदावर त्या नसायच्या. असं मी स्वतःला कितीदा समजावलंय, पण पटत नाही. कागदावर नव्हत्या हे खरं. माझ्या तोंडात का नव्हत्या?

गाडी घेतल्याचं नवऱ्याने त्याच रात्री फोनवर सांगितलं. "तुझ्यासाठीच घेतलीय गं," असंही ठोकून दिलं. आईंनी दुसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं असणार. त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे ठाण्याच्या मावशींना, तर नक्कीच. मावशींचा मुलगा अमेरिकेत. त्या एकदा जाऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: तिकडे गेल्यावर आपल्याला कोण विचारतंय? आई त्यांना म्हणायच्या, "माझा मुलगा तसा नाही, आणि सूनही नाही."

एप्रिलच्या शेवटी आई आल्या. बॅगेतून भाजणी निघाली, मेतकूट निघालं, कैरीचं लोणचं चार पिशव्यांत गुंडाळलेलं निघालं, आणि तळाशी अभ्रे. आपल्या जुन्या मऊ सुती साड्यांचे त्यांनी उशांचे अभ्रे शिवून आणले होते, खास गाडीसाठी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकेक फूल भरलेलं, रंग वेगवेगळे, म्हणजे भांडणं नकोत. त्यांनी ते पलंगावर मांडले. निळा मुलीचा, हिरवा धाकट्याचा, लाल माझा, पिवळा नवऱ्याचा. "आणि हा जांभळा माझा," त्या म्हणाल्या.

मी अभ्रे मोजले. पाच. झोपायचं एक वेळ जमवलं असतं, धाकट्याला कुशीत घेतला की झालं. पण बसायचं काय? त्या गाडीत पट्टे चार. गाडीच्या कागदांवर माणसं चार. आमची पोरं लहान म्हणून जरा सूट मिळते का, तेही मी नंतर विचारून घेतलं. तीन मोठी आणि दोन लहान काही केल्या त्यात बसत नव्हती.

स्वयंपाकघरात मी नवऱ्याला गाठलं. "अरे, आई कुठे बसणार?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण दुसऱ्याच क्षणी गडी सावरला. "करू गं अ‍ॅडजस्ट. धाकट्याला मांडीवर घे. आम्ही लहानपणी गणपतीला माझ्या काकांच्या फियाटमधून नऊ जण जायचो."

"ती फियाट पेणच्या रस्त्यावर होती, शहाण्या. पोलिसाने धरलं तर काय सांगशील?"

"सुट्टीत कोण धरतंय?" तो म्हणाला. आणि मीही गप्प बसले. आईंना तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगणार कोण? तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. आई रोज संध्याकाळी विचारायच्या, थर्मास घ्यायचा का, स्वेटर किती घेऊ. मी उत्तरं द्यायचे.

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या. सकाळी आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. आई सगळ्यांच्या आधी गाडीत शिरून मागे खिडकीशी बसल्या. नवी साडी, त्यावर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. मी धाकट्याला मांडीवर घेऊन पुढे बसायला लागले, तशी मागून माझी आठ वर्षांची मुलगी ओरडली, "दामे!"

दामे म्हणजे चालणार नाही. तिच्या जपानी शाळेत हा शब्द पोरांच्या हाडीमासी मुरवतात. "बाबा, दामे! चारच जण बसतात. शाळेत पोलीसकाकांनी सांगितलंय, मांडीवर घ्यायचं नाही." नवऱ्याने तिला दटावलं, "आजचा दिवस चालतं गं." तर ती रडायलाच लागली. "चालत नाही. आईने त्या काकांना चौघंच सांगितलं होतं, म्हणून ही चौघांची गाडी आहे!"

बोलली मेली मराठीत. एरवी काही विचारावं तर सगळी उत्तरं जपानीत.

आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडून तरी मोकळी झाले असते. मग त्यांनी डबा सीटवर ठेवला, दाराच्या कडेला धरून एकेक पाय खाली टेकवला आणि म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलतेय. नियम म्हणजे नियम. तुम्ही जा."

मी म्हटलं, "आई, मी राहते घरी. तुम्ही जा."

"आणि पोरं रात्री कुणाला हाका मारतील? काही नको."

"मग आपण दोघी ट्रेनने जाऊ. हा स्टेशनवर घ्यायला येईल, दोन फेऱ्या करेल."

"मी काय पार्सल आहे, फेऱ्या करून आणायला? मला गर्दीत चढवत नाही गं. आणि एका रात्रीचा तर प्रश्न. शेजारच्या तमिळ बाई आहेत, माझं हिंदी त्यांना आणि त्यांचं मला कळत नाही, पण आमचं छान जमतं." त्या हसल्यासुद्धा. नवरा किल्ली हातात घेऊन खांबासारखा उभा. "जाऊ या नको," असं तो एकदा पुटपुटला, तशी त्यांनी आवाज चढवला, "पोरांचा हिरमोड केलास तर बघ. गाठ माझ्याशी आहे."

आणि आम्ही गेलो. हेच तर आहे, आम्ही गेलो!

तळ्याकाठची जागा सुंदर होती. छप्पर उघडलं, पोरांनी वर धिंगाणा घातला, मी पुऱ्या वाढल्या. अभ्रे आईंनी आधीच उशांना घालून ठेवले होते, पाचही. जांभळ्या फुलाची उशी मी आधी कोपऱ्यात सारली, मग सीटखाली ढकलली, मग पुन्हा बाहेर काढली. कुठेही ठेवली तरी ती दिसतच होती. सकाळी ढग सरले आणि समोर फुजी उभा, सगळाच्या सगळा, तळ्यात पडलेल्या छायेसकट. नवरा फोटो काढत म्हणाला, "आईला दाखवू."

"फोटो दाखव! डोंबिवलीत कॅलेंडर मिळत नव्हतं का त्यांना?" मी अशी खेकसले की शेजारच्या तंबूतल्या जपानी बाईने वळून पाहिलं. त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि तळ्याकडे पाठ करून बसला. त्याला बोलून मला काय मिळालं? चौघं असं काकांना मीच सांगितलं होतं.

परत आलो तर आईंनी गरम पिठलं-भात करून ठेवलेला. त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त उत्साह. दोन्ही पोरांना जवळ घेऊन त्यांनी खोदून खोदून विचारलं: छप्पर कसं उघडतं? वर कोण झोपलं? थंडी वाजली का? फुजी कुठल्या बाजूला होता, सकाळी ऊन त्याच्यावर आधी पडतं का तळ्यावर? पोरं अर्ध्या जपानीत, हातवारे करून सांगत होती. मला वाटलं, नातवंडांचं कौतुक चाललंय.

दुसऱ्या दिवशी मी भाजी फोडणीला टाकत होते. बाहेरच्या खोलीत आईंनी इंडियन दुकानातून आणलेल्या फोनकार्डावरून ठाण्याला फोन लावला. आमच्या घरात ऐकू येत नाही असं काही नव्हतंच.

"अगं, जाऊन आलो ना! एक रात्र राहिलो. नुसतं ढकललं की छप्पर वर. पोरं वर झोपली, मी खाली खिडकीशी. थंडी? बऱ्यापैकी होती, पण स्वेटर नेलं होतं. आणि सकाळी डोळे उघडले तर फुजी समोर! ऊन आधी त्याच्या डोक्यावर पडतं, मग हळूहळू तळ्यात उतरतं. माझे तर बाई हात जोडले गेले."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीशी मी झोपले होते. मीच ऊन उतरताना पाहिलं होतं, तोंड पाडून. त्यांनी माझी जागा घेतली आणि ती रात्र किती आनंदात काढली!

"हो, आहे ना, इथेच आहे," आई म्हणत होत्या. "विचार तिलाच." आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. माझ्याकडे बघत मात्र नव्हत्या. टेबलावरचा एक तांदळाचा दाणा नखाने उचलत होत्या.

"काय गं," मावशींचा आवाज आला, "ताई म्हणते गाडीत सगळे झोपलात. एवढीशी गाडी, आणि माणसं किती मावतात तिच्यात?"

"पाच, मावशी," मी म्हटलं. "पाच जणांची आहे."

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "बघ," त्या बहिणीला म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं तुला?"