ज्याला मत दिलं नाही, त्याच्यासाठी

दाजींनी शेवटच्या भेटीत मला एकच प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर ‘नाही’ असं दिलं. आमचं मध्य भारत राज्य नकाशावरून पुसून नव्या मध्य प्रदेशात घातल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. राजधानी भोपाळला गेली, माझं दफ्तरही तिकडे हलणार होतं आणि मी रागाने नुसता धुमसत होतो. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या घरी दाजी तीन उशांना टेकून बसले होते. म्हणाले, “नव्या मुख्यमंत्र्यांसाठी प्रार्थना केलीस का रे?” मी म्हणालो, “नाही केली. करणारही नाही.” ते हसले, हसता हसता खोकले आणि ताईने पाण्याचा पेला पुढे केला. बुधवारी सकाळी ताईचा निरोप आला तेव्हा मी देवास गेटच्या माझ्या घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून सायकल काढली… पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गणिताचे मास्तर आणि आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पंच. आम्ही मूळचे नगरकडचे. नोकरीपायी उज्जैनला आलो आणि हिंदीत उपासना करता करता इथलेच झालो. रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायचं काम वीस वर्षं दाजींकडे होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी खादीची टोपी मांडीवर ठेवून ऐटीत पुढच्या बाकावर बसलो होतो. दाजी उठले, डोळे मिटले आणि इंग्रज राजासाठीच्या जुन्या सवयीने म्हणाले, “हे पिता, हमारे बादशाह को लंबी उमर दे.” मी तडक उठून बाहेर गेलो. लोक तसेही आम्हाला साहेबाचे म्हणून हिणवत होते, त्यात दाजींनी हा आहेर दिला. पुढे महिनाभर मोहल्ल्यात आमची टिंगल झाली. दाजींनी मात्र पुढच्याच रविवारी उभं राहून सर्वांची माफी मागितली. म्हणाले, बादशाह मला आवडतो का, हे मी वीस वर्षांत स्वतःला कधी विचारलं नाही, तरी प्रार्थना केली. आता आपल्याच लोकांचं राज्य आलंय, तर आवडनिवड बघून प्रार्थना करायची का? तेव्हा मला ती निव्वळ सारवासारव वाटली होती.

पहिली निवडणूक आली तेव्हा मी एका पक्षाचं काम करत होतो. आमचा उमेदवार कब्रस्तानाची पडकी भिंत बांधून द्यायला तयार होता. मोबदल्यात पाद्रीसाहेबांनी रविवारी त्याचं नाव घ्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. मला यात काही वावगं दिसेना. मूठभर माणसं आपण, एकगठ्ठा मतं दिली तरच कुणी विचारेल! पंचांच्या बैठकीत सगळे माझ्या बाजूने होते, दाजी सोडून. “चर्चच्या व्यासपीठावरून वोट मागितलंस,” ते म्हणाले, “तर दुसरीकडे वोट देणाऱ्याला प्रभुभोजनाला कुठे बसवशील? दाराबाहेर?” पाद्रीसाहेबांनी नकार कळवला. भिंत पडकीच राहिली आणि मी दाजींशी बोलणं टाकलं. बिचारी ताई मधल्या मधे रडायची.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रभूची भाकर खाण्याच्या आदल्या दिवशी, ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या घरी जाऊन यायचं, ही आमच्या मंडळीतली जुनी रीत. बहुतेक जण ती विसरले होते. त्या शनिवारी दाजी सायकलवरून देवास गेटला आले, चपला काढल्या आणि खुर्चीत बसून म्हणाले, “माझं मत बदललेलं नाही. चहा प्यायला आलोय.” दोन कप प्याले. आम्ही पोह्यांवर बोललो, ताईच्या गुडघ्यावर बोललो, निवडणुकीवर चकार शब्द नाही. जाताना मीच त्यांची सायकल पायऱ्यांवरून खाली उतरवून दिली.

मतदान झाल्यावरच्या रविवारी त्यांनी नवीनच टूम काढली. ज्याला आपण मत दिलं नाही, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. सक्ती कुणावर नाही. सरकारने एवढ्या कष्टाने गुप्त ठेवलेलं मतदान आमच्या चर्चमध्ये रविवारपर्यंतच गुप्त राहिलं. दाजींनी माझ्या उमेदवाराचं नाव घेतलं आणि त्याच्यासाठी इतकी लांबलचक प्रार्थना केली की मागचे लोक घड्याळं बघू लागले. ज्याच्यावर राग जास्त, त्याची प्रार्थना लांब, हे पुढे आम्हा सर्वांना कळून चुकलं. संत वगैरे नव्हते ते. वादात हरले की दिवसभर घुश्शात असायचे, पण त्या घुश्शाला ते चर्चच्या पायरीपुढे येऊ देत नसत.

त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. उपासनेत राज्यकर्त्यांच्या प्रार्थनेची वेळ आली की पाद्रीसाहेब अजून थांबतात आणि सगळे दाजींच्या बाकाकडे बघतात. मग पाद्रीसाहेब स्वतःच दोन वाक्यं म्हणून पुढे जातात. चार रविवार मी मान खाली घालून बसलो. त्या शेवटच्या प्रश्नाला दिलेलं माझं ‘नाही’ त्यांच्याबरोबर गेलं, हे मला सहन होत नव्हतं… गेल्या रविवारी ताईने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. अखेर भोपाळच्या त्या माणसाचं नाव मी घेतलं, त्याला आरोग्य मागितलं, शहाणपण मागितलं आणि बरंच काही मागत राहिलो. मागे कुणीतरी खाकरलं तेव्हा कळलं की माझी प्रार्थना फार लांबली होती.

खाली बसलो आणि मनात म्हणालो, दाजी, माझं मत बदललेलं नाही.