तालमीतले मत आणि परग्रहावरची पलटण

बांगलादेशच्या युद्धानंतर आमच्या पेठेतल्या तालमीत एका निवृत्त सुभेदारांचा शब्द म्हणजे कायदा झाला. त्यांच्यापाशी एक इंग्रजी कादंबरी होती. तीत पृथ्वीची पलटण दूरच्या ग्रहावर दगडी कातडीच्या प्राण्यांशी लढते आणि इकडे पृथ्वीवर मताचा अधिकार फक्त लढून आलेल्यांना असतो. संध्याकाळी कट्ट्यावर सुभेदार ती कथा सांगत आणि पैलवान जोर अर्धे टाकून ऐकायला येत.

"जो मराय तयार, त्योच राज्य कराय लायक. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या!"

"मग नगरपालिकेत काळं कुत्रंबी उरणार न्हाय की, सुभेदार!"

कट्टा हसला. मी हसलो नाही. मी पेशाने वकील; पुस्तक मागून नेले आणि दस्त वाचावा तसे वाचले. त्या काल्पनिक राज्यात एक अट होती, जी कट्ट्यावर कधीच सांगितली गेली नव्हती: भरती मागणारा आंधळा असो वा पांगळा, पलटणीने त्याला काही ना काही काम देऊन सामावून घेतलेच पाहिजे. ती अट वगळली की त्या तत्त्वज्ञानात उरतो तो निव्वळ बहिष्कार. हे मी सुभेदारांना सविस्तर पत्राने कळवले. उत्तर आले नाही. तालमीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मात्र आला. यापुढे तालमीत मत फक्त फौजेत राहून आलेल्यांना.

आमच्या तालमीतल्या एका खोलीत मोहरमला पीराचा पंजा बसे. त्याची सारी सेवा पेठेतले शिंपी चाचा करत. तरुणपणी ते भरतीला गेले होते. एक डोळा अधू म्हणून त्यांना परत पाठवले होते. मी सभेत ती अट वाचून दाखवली आणि विचारले, "ज्याला फौजेनेच घेतले नाही, त्याचे मत कोणत्या न्यायाने काढून घेता?"

"वकीलसाब, कोर्टात हाय काय आपण?" मागून कोणी ओरडले.

हात वर झाले. विरोधात मी एकटा. ठरावाच्या बाजूने चाचाही होते.

"चाचा, तुम्ही?" मी बाहेर त्यांना अडवले.

"सुभेदारांचा पाय गेलाय सीमेवर. त्यांच्या तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?"

पुढच्या वर्षी पंजाची खोली वजनांसाठी घ्यायचा ठराव आला. चाचा बोलायला उभे राहिले.

"बसा चाचा, च्या घ्या. आता तुमास्नी मत हाय व्हय?" एक पैलवान म्हणाला.

बोलणाऱ्याच्या स्वरात द्वेष नव्हता, हेच मला आजही सहन होत नाही. चाचा बसले आणि ठराव मंजूर झाला. मी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज तयार केला. मताचा हक्क सभासदाकडून असा काढून घेता येत नाही, असा माझा मुद्दा होता. अर्ज घेऊन मी चाचांच्या दुकानात गेलो.

"सही कशी करू, वकीलसाब? ठराव माझाबी हाय की."

मी संतापलो, समजावले, शेवटी हात जोडले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शिलाई पुन्हा सुरू केली. एकट्याच्या सहीने मी अर्ज धाडला. सभेचा निर्णय बहुमताने व रीतसर झाल्याचे उत्तर आले.

त्या मोहरमला पंजा चाचांच्या दुकानात, मशिनीशेजारी बसला. दर्शनाला सगळी तालीम आली. सर्वांत आधी कुबडी टेकत सुभेदार आले. त्यांनी पंजापुढे मनोभावे डोके टेकले. चाचांनी लगबगीने मशीन मागे सरकवली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.