घर विकणे आहे

रविवारी सकाळी ड्वेन हॉलिफिल्ड अनवाणीच अंगणात गेला, गवतात रोवलेली 'घर विकणे आहे'ची पाटी गदागदा हलवून उपटली, गुडघ्यावर मोडली आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबली. समोरचे म्हातारे टिडवेल चर्चला निघाले होते, ते गाडीत बसता बसता थांबले.

"कोच, काल बावन्न पॉइंट खाल्ले की हो!"

"मोजलेत? शाब्बास! चर्चमध्ये माझ्यासाठीही दोन शब्द टाका."

"टाकतो ना. पण तुमची ती मधली फळी देवालाही सावरायची नाही!"

आमच्या अलाबामात हे काही नवं नाही. शनिवारी कॉलेजची फुटबॉलची टीम हरली की रातोरात कुणीतरी कोचच्या अंगणात असली पाटी ठोकून जातं. म्हणजे, बाबा रे, गाशा गुंडाळ. मुख्य कोचच्या दारात तर पाट्यांचं शेतच उगवतं. ड्वेनसारख्या बचावाच्या दुय्यम कोचला एखादीच मिळते, पण मिळते. टेक्ससमध्ये मिळालेल्या पाटीच्या काठीला त्याच्या बायकोने, मार्नाने, टोमॅटोचं झाड बांधलं होतं आणि वर गल्लीभर टोमॅटो वाटले होते.

तर तो हात धुऊन आत आला, तोच फोन वाजला. गावातली घरं विकून देणारी लोर्ना पिकेट बोलत होती.

"कोच, आत्ता तुमच्या घरावरून गेले, माझी पाटी कुणी पळवली हो? काल मॅच चालू असताना मीच येऊन रोवून गेले."

ड्वेन फोन हातात धरून स्वयंपाकघरात गेला. मार्ना बिस्किटांवर, म्हणजे आमच्याकडच्या मऊ पावांवर, घालायची ग्रेव्ही ढवळत होती. तिने मान वळवली नाही.

"अगं, ही पिकेट बाई म्हणते पाटी तिची आहे."

"तिचीच आहे. गुरुवारी बोलावलं मी तिला."

"गुरुवारी? मॅचच्या आधी?"

"ड्वेन, जगातली प्रत्येक गोष्ट मॅचच्या आधी नाहीतर नंतर घडत नसते रे."

आता या माणसाचं सांगायला हवं. मिसिसिपीतल्या एका लहान कॉलेजात तो स्वतः खेळायचा. दुसऱ्याच वर्षी गुडघा फाटला. तिथला कोच म्हणाला, "पळता येत नाही ना? मग बघायला शीक." ड्वेन बघायला शिकला. समोरच्या टीमचा गडी चेंडू घेऊन कुठे घुसणार हे त्याच्या खांद्यावरून सांगायला लागला. आधी फुकट राबला, ऑफिसातल्या सोफ्यावर झोपला, मग दुय्यम कोच झाला आणि तिथून जी गावं सुरू झाली ती थांबलीच नाहीत. टेनेसी, कॅन्सस, टेक्सस, पुन्हा टेनेसी. या धंद्यात वरचा मुख्य कोच हाकलला की खालचे सगळे जातात, मग तुमची फळी कितीही चांगली खेळो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, फक्त इथे पाठ मार्नाची होती. ती शाळेत शिकवायची. प्रत्येक राज्याची परवान्याची परीक्षा वेगळी, ती बिचारी दर गावी नव्याने द्यायची. त्यांची लेक आता ओहायोत शिकते. "तू मूळची कुठली गं?" असं कुणी विचारलं की ती म्हणते, "माझे बाबा कोच आहेत." लोक हसतात. तीही हसते.

मार्नाने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

"नोव्हेंबर आला आणि तुझे फोन सुरू झाले. गॅरेजात जाऊन बोलतोस, दार लावून. अरे, बाई ठेवली असतीस तरी बरं, तिला दोन शिव्या तरी घातल्या असत्या!"

"वायोमिंगला बचावाचा मुख्य कोच हवाय. मुख्य, मार्ना! आयुष्यभर कुणाच्या तरी हाताखाली..."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"पक्कं झालं की सांगणारच होतो."

"सांगणारच होतास. बरं, आता माझं पक्कं झालेलं ऐक. माझ्या बहिणीच्या गावी, मिसिसिपीत, शाळेत चौथीचा वर्ग मिळालाय. जानेवारीत रुजू व्हायचं. घर बघितलंय, लहानसं आहे. तिथून मी हलणार नाही. तिथल्या हायस्कूलला कोच हवाच आहे. तू आलास तर मला हवाच आहेस. नाही आलास तरी मी जाणार."

"आणि हे घर? माझी सही लागेल की."

"देशील. आजवर मी दिलीच ना?"

मग त्याने बिस्किटं खाल्ली आणि कालच्या मॅचचं रेकॉर्डिंग बघायला पळाला.

पुढचे दिवस त्याचं कशात लक्ष लागेना. बसला की उठायचा, उठला की किल्ल्या शोधायचा, किल्ल्या सापडल्या की कुठे जायचं होतं तेच विसरायचा. जेवताना मिठाच्या आणि मिरीच्या बाटल्या टेबलावर मांडून फळ्या लावायचा. मार्ना निमूटपणे मीठ उचलायची, वाढून घ्यायची आणि परत होतं तिथे ठेवायची. एका सोमवारी तो एकटाच गाडी काढून मिसिसिपीला जाऊन आला. हायस्कूलचं मैदान बघितलं, गोलाचे खांब गंजलेले, पोरं मात्र जीव तोडून पळणारी. मुख्याध्यापकांना म्हणाला, "जमेल असं वाटतंय." घरी येऊन मार्नाला सांगितलं तेव्हा बऱ्याच दिवसांनी तिने त्याच्यासाठी भेंडी तळली.

मोसम संपला आणि मुख्य कोचला काढलं. अर्थात ड्वेनचीही नोकरी गेली. थँक्सगिव्हिंगचं जेवण मेव्हणीकडे होतं. टर्की कापून झाली, प्रार्थना झाली, आणि ड्वेनच्या खिशात फोन थरथरला, वायोमिंगहून. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे शेंबड्या पोराला कळतं. याला कळत नव्हतं असं नाही. उठून बाहेर जायचंही त्याला सुचलं नाही. भरल्या ताटासमोर तो म्हणाला, "होय, सर. नक्की. उद्याच निघतो."

फोन ठेवल्यावर त्याने मार्नाकडे बघितलं.

"तुला काय वाटतं?"

"बटाटे घे," ती म्हणाली. "गार होतायत."

वायोमिंगला पोहोचला त्या संध्याकाळी वारा असा सुटला होता की गाडीचं दार उघडवेना. तिथल्या सगळ्या टीमचा मुख्य कोच गस स्ट्रॉम त्याला थेट घरीच घेऊन गेला. गसच्या बायकोने, आयलीनने, तिखट चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण, आणि सोबत दालचिनीचे गोड रोल वाढले. तिकडे हे दोन्ही एकत्रच खातात.

"मंडळी कधी येतायत?" तिने विचारलं.

"येईल. मागून येईल."

या धंद्यात असंच असतं. नवरा पुढे जातो, बायको घर विकून मागून येते. आयलीननेही तेच केलेलं, त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं.

"मग नंबर दे तिचा. शिक्षिका आहे ना? इथल्या शाळेत तिसरीला बाई हव्यात. आणि पलीकडच्या गल्लीत एक घर आहे, फार छान आहे, मी उद्याच तिच्याशी बोलते."

ड्वेन चिलीत रोल बुडवत राहिला. रोल विरघळून वाटीत पडला.

"ती येणार नाही," तो म्हणाला.

"का रे बाबा?"

"मी विचारलंच नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही विचारलं. आपण निघालोय, एवढंच सांगत आलो. या वेळी तिने आधी सांगितलं."

आयलीनने नवऱ्याकडे बघितलं. गस खाकरला. तोही याच धंद्यातला, त्याला एकच औषध ठाऊक.

"खाली तळघरात मागच्या मोसमाच्या मॅच लावून ठेवल्यात. बघायच्या?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ड्वेन उठला होता. जिना उतरताना त्याला हायसं वाटलं. मग लाज वाटली, पण आधी हायसं वाटलं.