लागलेला ब्रेक

समोरचे सर्व्हेअरसाहेब आमच्या घरी चहाला बसले, की त्यांचा उजवा पाय फरशीवर काहीतरी दाबत असायचा. टीव्हीवर मालिकेतली गाडी वळणाला आली, पाय दाबला. स्वयंपाकघरात माझ्या बायकोच्या हातून झाकण निसटलं, पाय दाबला. आणि पाठोपाठ मान हलवून ते वाक्य यायचं, "ब्रेक मारलाच नाही न गा!"

हे वाक्य ते कशालाही लावत. दूध उतू गेलं, ब्रेक मारला नाही. वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडलं, ब्रेक मारला नाही. एकदा मी चौथा लाडू उचलत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पाय दाबला. मी लाडू खाल्लाच, पण आधीसारखा गोड लागला नाही.

मनीषनगरात त्यांचं दार आमच्या दारासमोर. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या पाहून नुकसान ठरवायचं, हे त्यांचं काम. अख्खी सोसायटी त्यांना सर्व्हेअरसाहेब म्हणायची. सारी हयात चेपलेल्या पत्र्यांभोवती फिरण्यात गेली, त्यामुळे त्यांना साध्या रस्त्यावरही फक्त पुढचा अपघात दिसायचा. हॉटेलात बसले तर तोंड रस्त्याकडे. लग्नात जेवायला बसले तर अर्धं लक्ष पार्किंगमध्ये. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. त्याच्याजवळ दहा मिनिटं बसलं, की आपल्यालाच उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात.

"साहेब, जरा पाय टेकवा ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"नाही जमत बापा. आमचे आबा उमरेडले हातमागावर बसत. वरून हात, खालून पाय, दिवसभर चालूच. मले वारशात फक्त पाय भेटले, माग नाही भेटला."

घरात ते आणि त्यांची मुलगी पल्लवी, दोघंच. पल्लवी शाळेत असतानाच त्यांची बायको आजारपणात गेली होती. पल्लवीला अमरावती रोडवर, वाडीच्या एका मोठ्या गोदामात नोकरी लागली आणि साहेबांचा पाय फरशी फोडतो की काय असं झालं. वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ट्रकमागे ट्रक, मधूनच उलटा येणारा एक ट्रक, आणि त्यातून वाट काढणारी आपली छोटी गाडी. पल्लवीकडे लायसन होतं. गाडी खाली कव्हर घालून उभी होती. चावी मात्र साहेबांच्या खिशात, आणि रात्री उशीखाली.

"बाबा, एक तारखेपासून कामावर जायचं आहे," ती माझ्यादेखत म्हणाली. "चावी देता, की मी ट्रकलेच लिफ्ट मागू?"

साहेब मला गॅलरीत घेऊन गेले. तिथं त्यांनी मला त्यांचा सिद्धांत सांगितला. "पाह्य गा, प्रत्येकाच्या वाट्याले काही ठोकरा ठरलेल्या असतात. ज्याची पहिली ठोकर बारीक, तो शिकते. ज्याची पहिलीच मोठी, त्याची गाडी पाहाले मले बोलावतात. म्हणून हिच्या साऱ्या ठोकरा आधीच उरकून टाकू."

"कुठं उरकणार?"

"छपराखाली."

वाडीकडेच एका जुन्या गोदामात गो-कार्टचा ट्रॅक निघाला होता. बुटक्या, बिनछपराच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या, वळणावळणाचा रस्ता आणि दोन्ही कडांना टायरांची भिंत. रविवारी आम्ही तिघं गेलो. साक्षीदार म्हणून मी हवा होतो. मला त्या गाडीत बसवायला दोन माणसं लागली. काढायला किती लागली ते विचारू नका.

ट्रॅकवर झेंडे घेतलेल्या एक कडक बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. उजवा पाय वेगाचा, डावा ब्रेकचा, दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच. गाडी फिरून आडवी झाली तर उठायचं नाही, हात वर करून बसून राहायचं. नजर जिथं जायचं तिथं. आणि कुणी कुणाला ठोकायचं नाही.

मी टायरांना लागू नये म्हणून टायरांकडेच पाहत गेलो. अर्थात प्रत्येक वळणावर टायरांतच गेलो. पल्लवी मात्र शांतपणे चालवत होती, आणि कठड्यावर वाकून तिचे वडील ओरडत होते, "ठोक! अवं, ठोक न! इकडच्या टायरले ठोक!"

झेंडेवाल्या बाई धावत आल्या. "काका, इथं ठोकायचं नसते!"

"मग कुठं ठोकायचं? अमरावती रोडवर?"

बाईंनी झेंडा काखेत मारला. मग म्हणाल्या, "ठोकायचंच काहून?"

साहेबांनी कठड्यावरचे हात काढून घेतले. हा विचार त्यांच्या डोक्यात बहुतेक कधी आलाच नव्हता. त्यांच्याकडे आलेली प्रत्येक गाडी ठोकलेलीच होती.

पण ते हार मानणारे नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी परीक्षा जाहीर केली. ते स्वतः गाडीत पुढे, पल्लवी मागे, पल्लवीच्या मागे मी. ते मध्येच हळू होतील, मध्येच वाकडे होतील, तिनं अंतर राखायचं. एक जरी धक्का लागला तर चावी उशीखालीच. पल्लवीनं हेल्मेटचा पट्टा आवळला. तिचा जबडाही आवळलेला दिसत होता.

दोन फेऱ्या नीट गेल्या. तिसऱ्या फेरीत, गोदामाच्या खांबाआडच्या वळणाशी, साहेब नेहमीसारखे घाबरले. आणि घाबरल्यावर त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. उजवा पाय जीव खाऊन दाबला.

या गाडीत उजवा पाय वेगाचा होता.

गाडी सुसाट टायरांत शिरली, गरकन फिरली आणि रस्त्यात आडवी झाली. नियम बसून राहायचा. पण ते बसणार कसे? पट्टा सोडून ते उठायलाच लागले, एक पाय बाहेर. खांबाआडून पल्लवीची गाडी येत होती. झेंडेवाल्या बाई पिवळा झेंडा हलवत किंचाळल्या. मी मागून सगळं पाहत होतो आणि, काय सांगू, माझाही उजवा पाय दाबला गेला.

मी टायरांत गेलो. पल्लवी थांबली. वळणाच्या आधीच तिनं वेग कमी केला होता. तिची गाडी साहेबांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि ते डोळे गच्च मिटून धक्क्याची वाट पाहत होते.

"लागला, बाबा," ती हळूच म्हणाली. "ब्रेक लागला."

त्यांनी डोळे उघडले. खाली वाकून त्या दोन गाड्यांमधली मोकळी जागा पाहिली. कामावर एखादा चेपलेला पत्रा निरखत तशी निरखली. तेवढ्यात बाई पोचल्या आणि झेंडा आपटत म्हणाल्या, "काका, तुम्ही ब्रेक मारलाच नाही!"

ते वाक्य जन्मात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याकडून ऐकावं लागलं. मी टायरांत अडकल्या अडकल्या हसलो, पण ते हसले नाहीत. परतताना पार्किंगमध्ये त्यांनी खिशातून चावी काढून पल्लवीच्या हातात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सारी उमर न लागलेलेच ब्रेक पाहिले गा. लागलेला आज पाहिला."

पाय सुधारला असं मात्र समजू नका. पुढे कितीतरी वर्षं ते तिच्या शेजारी बसून रामटेकला, उमरेडला, बाजारात जात आणि वाटभर पाय दाबत. ती म्हणायची, "लागला, बाबा." ते म्हणायचे, "हो न, लागला." आणि पुढच्या चौकात पुन्हा दाबायचे. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. घरी, झोपेत. कुठल्याही रस्त्यावर नाही.

माझं ऑफिस अमरावती रोडवरच, म्हणून आता पल्लवी मला वाटेत सोडते. मी त्यांच्या जागी बसतो. पायाखालच्या रबरी मॅटला उजवीकडे टाचेएवढं भोक पडलं आहे. सर्व्हिसिंगवाल्यानं नवीन मॅट टाकू का विचारलं, तर ती नको म्हणाली.

परवा वाडीच्या अलीकडे एक ट्रक इंडिकेटर न देता आमच्यासमोर वळला. माझी टाच थेट त्या भोकात बसली आणि पाय दाबला गेला. आमची गाडी तोवर केव्हाच हळू झाली होती. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. नजर पुढं ठेवूनच म्हणाली,

"लागला, काका."