भावोजींचा उंबरा

१० जून. आमच्या गणपतींच्या कारखान्यातला मधला उंबरा फोडायला उद्या गवंडी येणार. त्याच्या घावांनी मांडणीच्या फळ्या हलतील, म्हणून रंगवलेल्या शाडूच्या मूर्ती मी सकाळीच उतरवून जमिनीवर मांडल्या. आपल्या दूरदृष्टीचं कौतुक करायला दुसरं कुणी नव्हतं, ते मीच केलं.

उंबरा वीतभर उंच. बांधला माझ्या थोरल्या दिरांनी. नौदलातून निवृत्त होऊन गावी जोह्याला आले, तरी भावोजी बोटीवरून उतरले नाहीत. चहाचा कप कधी टेबलाच्या कडेला ठेवला नाही. "हललं की पडंल." घर हलतं हे त्यांनाच ठाऊक.

नोकरीत असताना त्यांनी मला एकदा त्यांची युद्धनौका दाखवली. तोफ बघायची म्हणून मी नवी साडी नेसले होते. पुढची तोफ, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, मागचं हेलिकॉप्टर त्यांनी पाच मिनिटांत उरकलं. मग उभ्या शिडीवरून बोटीच्या पोटात नेऊन तासभर लोखंडी दारं दाखवली. प्रत्येक दाराला पोटरीएवढा उंबरा. मी एकही चुकवला नाही, सगळ्यांना ठेचकाळले.

"भोक पाडायचं काम दुश्मनाचं," ते म्हणाले. "पाणी कुठवर येऊ द्यायचं, ते आपलं. एक खोली भरली तरी बोट तरते गो."

पुढे त्यांनी आमच्या मातीच्या आणि रंगाच्या खोल्यांच्या मधल्या दाराला तसाच उंबरा घातला, तेव्हा मी विचारलं, "भावोजी, जोह्याला दुश्मन कोण येणार?"

"तू हायस ना."

हे वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ झालं. मूर्तींचे डोळे आखणारी मंदा तेवढी हसत नसे. "गुडघा खाल्लान ह्या उंबऱ्यानं माझा," म्हणायची. गेल्या वर्षी भावोजी गेले. वर्षश्राद्ध झालं आणि मी गवंडी ठरवला. ते असताना धीर झाला नव्हता.

संध्याकाळी मातीच्या खोलीलगतच्या पंपघरात टाकी भरायला पंप लावला आणि उंबरा गेल्यावर केवढी सोय होईल, हे मंदाला समजावत बसले. टाकी भरून वाहिली. मातीच्या खोलीत घोटाभर पाणी झालं, उंबऱ्याला टेकलं आणि थांबलं. पलीकडे रंगाच्या खोलीत माझ्या दूरदृष्टीने जमिनीवर मांडलेले गणपती कोरडे बसले होते.

मंदा पाण्यात उभी राहून म्हणाली, "वहिनी, दुश्मन आला."

११ जून. सकाळी, फोडायला आलेल्या गवंड्याकडून पंपघराच्या दारालाही उंबरा घालून घेतला. सिमेंट ओलं असतानाच मी त्याला ठेचकाळले. अंगठा उमटला आहे.