मावशींची तक्रारवही

"लिहून दे!"

ताटाकडे बोट दाखवून कुणी तोंड वाकडं केलं, की आमच्या मावशी हातातला वरणाचा डाव वर करून एवढंच म्हणायच्या. तेही ओरडून. समोरचं पोर जन्मापासून बहिरं, पण मावशींना त्याचं काही वाटायचं नाही. पोराला ऐकू जात नसे, गल्लीला जाई. आणि डाव वहीकडे वळला की पोराला बरोबर कळे.

तुम्ही पुष्कळ स्वयंपाकघरं पाहिली असतील. पण जिथे मिठाची तक्रार लेखी द्यावी लागते, असं बहुधा हे एकच.

साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळात मूकबधिर मुलांची आमची छोटी निवासी शाळा होती. कौलारू घर, चौदा मुलं, शिकवायला मी आणि रांधायला मावशी. मी उत्साहात एक प्रयोग सुरू केला होता. प्रत्येकाला एक वही. त्यात मुलानं मला हवं ते लिहायचं आणि मी त्याला उत्तर लिहायचं. लाल शाई वर्ज्य. मुलानं 'काल पाणी पडला' लिहिलं, तर मी खाली लिहायचं, 'काल पाणी पडलं तेव्हा तू कुठे होतास?' वाचता वाचता त्याचं त्याला उमगेल, अशी कल्पना.

तीन महिने चौदाही वह्यांत रोज एकच मजकूर आला. 'मी बरा आहे. तुम्ही बरे आहात का?' मुलीसुद्धा 'बरा'च होत्या. एकदा मी वैतागून सगळ्यांना लिहिलं, 'मला खूप ताप आहे.' दुसऱ्या दिवशी चौदा उत्तरं आली: 'छान.'

मावशी पन्नाशीच्या. त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा तिथे मोठ्यांसाठी अक्षरवर्ग निघाला, आणि या बाई चाळिशी उलटल्यावर पाटी घेऊन बसल्या. अक्षरं आल्यापासून त्यांनी समोर येईल ते वाचायचा धडाका लावला. दुकानांच्या पाट्या, साबणाचे कागद, आणि माझ्या बायकोची पत्रं.

"गुर्जी, वयनीले खोकला हाय काहून?" असं त्यांनीच मला पाकीट देताना विचारलं होतं.

आमच्यात बाभुळगावचा गुलाब नावाचा दहा वर्षांचा हट्टी मुलगा होता. एके दुपारी तो जेवता जेवता उठला, वहीत दोन शब्द लिहिले आणि ती मावशींच्या नाकासमोर धरली.

'वरण पाणी.'

मावशींनी अक्षर अक्षर लावून वाचलं. मग माझ्या खिशातली पेन्सिल ओढून खाली लिहिलं, 'वरन पातळ नाही. तुही जीभ जाड हाय.'

गुलाबनं ते दोनदा वाचलं, आणि ताट तसंच टाकून सात ओळी लिहिल्या. सात! 'जीभ जाड नाही. मी आरसा बघितला. वरण आत दाणे दोन पोहतो. मी डाळ मोजला...'

मावशींनी उत्तर दिलं, 'डाळ मोजली त मोजली, खाल्ली काहून नाही?'

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. 'डाळ खाल्ली. मीठ खाल्लं नाही, कारण मीठ नव्हतं.'

मी वही घेऊन अंगणात नाचायचाच बाकी राहिलो. 'कारण' हा शब्द शिकवता शिकवता माझं वर्षभर डोकं उठलं होतं, आणि तो अळणी वरणातून निघाला!

आठवड्याभरात सगळी मुलं मावशींशी भांडायला लागली. वह्या भरू लागल्या. मात्र मुली मावशींच्या वऱ्हाडी बोलीसारखं 'मी येतो, मी जातो' लिहू लागल्या.

"मावशी," मी म्हणालो, "'हाय' नव्हे, 'आहे'."

"लेकराईले समजून राह्यलं ना?"

"समजतंय."

"मंग तुमाले काय होऊन राह्यलं?"

आणि एक दिवस दुपारी मुलं जेवत असताना गुलाबचे वडील बैलगाडी घेऊन आले.

"गुर्जी, पोट्ट्याले नेऊन राह्यलो."

"का हो?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सैपाक कोन करते, हे तुम्ही सांगतलं नाही आमाले."

मला काय ते कळलं. मी तावातावानं बोलू लागलो, आणि रागाने माझंच बोलणं अडखळलं. मावशींनी सगळं ऐकलं होतं. एरवी त्या कुणाचं काही ऐकून घेत नसत. हातातला डाव त्यांनी हळूच खाली ठेवला.

वडिलांनी गुलाबचा हात धरून ओढला. त्यानं हातानं विचारलं, का? वडिलांनी मावशींकडे बोट दाखवून नको, नको केलं. गुलाबला काही समजेना. त्यानं वही आणून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी लिहिलं, 'त्या बाईच्या हातचं खायचं नाही.'

गुलाबनं लिहिलं, 'का?'

वडिलांनी पेन्सिल टेकवली, पण ती पुढे चालेना. मुलाला ते लिहून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. गुलाबनं वही ओढून घेतली.

'वरण पातळ आहे. पोळी कधी जळते. पण मावशी मला उत्तर देते. घरी कोणी मला उत्तर देत नाही. बाबा, तुम्ही जा. मी जेवून येतो. दिवाळीला.'

वडिलांनी ओठ हलवत ते वाचलं. मुलाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

"हे यानंच लिवलं?"

"तुमच्यासमोरच तर लिहिलं."

ते पायरीवर बसले. तेवढ्यात मागून त्यांच्या खांद्यावरून मावशींचं डोकं पुढे आलं.

"पोळी जळते म्हन्ते? कवा जळली? एकदा जळली, ते बी हा मधात आला म्हून!"

वडील त्या दिवशी आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायले नाहीत. ते पान मात्र त्यांनी मागून घेतलं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं, आणि गाडी रिकामीच वळवली.

दिवाळीला गुलाबला न्यायला आले, तेव्हा त्यांनी तुरीच्या डाळीचं पोतं स्वयंपाकघराच्या दारात उतरवलं.

"वरन घट्ट करत जा," ते भिंतीकडे बघून म्हणाले.

"डाळ आली त होईन घट्ट," मावशीही भिंतीलाच म्हणाल्या.

पुढे मावशी मुकुटबनला लेकीकडे कायमच्या जायला निघाल्या. आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. गाडीच्या दाराशेजारच्या पाटीवर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, 'मुकटबन'. मावशी एक पाय पायरीवर ठेवून थांबल्या.

"याचा उकार कुठी गेला?"

"बसा ना मावशी, गाडी तिथंच जाते," कंडक्टर म्हणाला.

"गाडी जाईन हो. पन लेकरं पाहून राह्यले, चुकीचं शिकतीन."

इतकी वर्षं 'वरन' लिहिणाऱ्या बाई! त्यांनी माझ्याकडून खडू घेतला आणि 'क'ला एवढा मोठा उकार दिला, की त्याची शेपटी पाटीखाली पत्र्यावर उतरली. मग त्या आत चढल्या.

गाडी सुटली. मुलं हात हलवत राहिली. खिडकीतून मावशींचा हातही बाहेर आला होता, खडूनं पांढरा झालेला. गाडी वळेपर्यंत तो दिसत होता.